वैशाखात विहीर पाडताना

शिरूर, पुरंदर, बारामती, इंदापूर या पट्ट्यात एप्रिल-मे हा विहिरीच्या कामाचा हंगाम. रान मोकळं असतं, आणि मुख्य म्हणजे पाणी वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलेलं असतं. मे महिन्यात तळाला जे लागेल ते भरवशाचं. दिवाळीत पाडलेल्या विहिरीचं पाणी बघून कुणी उसाची लागण ठरवू नये.

हाताने बोअर घेण्याचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर खूप फिरतात. ते गाळाच्या, रेताड जमिनीतले. भीमा-नीरेकाठचा थोडा गाळपट्टा सोडला तर आपल्याकडे मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक. तिथे हातगिरमिट चालत नाही. हाताने करायची ती उघडी विहीरच.

पाणाड्याकडून नारळ फिरवून घ्यायचा तर घ्या, पण आधी शेजारच्या चार विहिरींत डोकावून या. झरा किती परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) आणि कुठल्या थरातून येतो ते या दिवसांत उघडं दिसतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला जागा दाखवून घेतली तर उत्तमच. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक उद्भव 500 मीटरच्या आत असेल तर परवानगीचा प्रश्न आधी सोडवा.

आपल्या खडकात पाणी मुख्यतः मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात (मऊ, भोकाभोकांच्या खडकात) आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. एकसंध काळ्या पाषाणाला भेग नसेल तर त्यात काही नसतं. तरी लोक ‘अजून एक परस, अजून एक परस’ करत खाली जातात आणि कर्ज काढतात. काळा लागून दोन परस झाले, कुठे ओलही नाही, तर थांबा. तोच पैसा झरा असलेल्या थरात आडवे बोअर मारायला वापरा.

कामाचा अंदाज असा: 20 फूट व्यासाच्या विहिरीत दर फूट खोलीला 314 घनफूट, म्हणजे तीन ब्रासहून (ब्रास म्हणजे 100 घनफूट) थोडा जास्त माल निघतो. फुटून वर आला की तो आणखी फुगतो. काठालगत ढीग घालू नका. कडा त्याच वजनाने ढासळतो. याच व्यासात एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. काम झाल्यावर तळ उपसून काढा, दोरीला दगड बांधून सोडा, ओल्या खुणेवर गाठ मारा आणि तासाने पुन्हा मोजा. पाणी अर्धा फूट चढलं असेल तर ताशी साडेचार हजार लिटरच्या आसपास आवक झाली. ठिबक किती रानाला पुरेल हे त्यावर बसवा, पंपाच्या एचपीवर नव्हे.

आता जिवाची गोष्ट. खोल विहिरीत, विशेषतः बंद पडलेल्या जुन्या विहिरीचा गाळ काढताना, तळाला हवा कोंडलेली असते. उतरण्याआधी पेटता कंदील तळापर्यंत सोडा. विझला तर कुणीही उतरायचं नाही. पण डिझेल इंजिनाचा धूर कंदिलाला कळत नाही, म्हणून इंजिन विहिरीत उतरवूच नका, काठावर ठेवलं तरी धूर आत वळणार नाही असं बघा. सुरुंगानंतरही धूर पूर्ण निघेपर्यंत थांबा, आणि सुरुंग परवानाधारकाकडूनच. उतरणाऱ्याच्या कमरेला सोल (जाड दोर), वर दोन माणसं. खालचा निपचित पडला तर मागोमाग उडी घ्यायची नाही, सोलाने वर ओढायचं. आपल्याकडे एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे याच चुकीने जातात.

रोहिणी निघाली की खोदाई आटोपती घ्या. मुरमाच्या थराचं बांधकाम मृगाआधी झालंच पाहिजे, कारण पहिल्या वळवानेच कच्चा मुरूम सुटतो. बांधकाम करताना झऱ्याच्या जागी सांधे सिमेंटने बुजवू नका, तिथे कोरडा दगड रचा. कठडा जमिनीपासून तीन फूट तरी उचला, आणि काम संपलं की सातबाऱ्यावर विहिरीची नोंद करून घ्या. पुढे वीजजोडणी मागताना ती विचारतात.