एका सेशनचं साहस, आयत्या वेळी रचलेलं

रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती तोंडी गोष्ट रचत खेळायचा खेळ, खेळणाऱ्या गटातले दोघे पुण्याला, एक संभाजीनगरला आणि बाकीचे लातुरात असतील, तर महिनोन्महिने चालणारी लांब कथा टिकत नाही. दर वेळी कुणीतरी गैरहजर असतं आणि अर्धा तास मागचं सांगण्यातच जातो. अशा गटानं भागाभागांनी खेळावं. जे आले ते खेळतील आणि भाग त्याच दिवशी संपेल.

त्यासाठी आधी एक चौकट हवी. व्यापाऱ्यांचा काफिला ही सगळ्यात सोयीची. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, ही काफिल्याची राखणदार, आणि दर सेशनला, म्हणजे खेळाच्या दर बैठकीला, नवा मुक्काम. जो खेळाडू आला नाही, त्याचं पात्र गाड्यांजवळ पहाऱ्याला थांबलंय, विषय संपला. आपल्याकडे यासाठी तयार वाटही आहे: पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर, असल्याची नोंद आहे. दहा दिवस म्हणजे दहा मुक्काम, दहा भाग. गावांची नावं बदला, देव-दानव आपले घाला, वाट तीच ठेवा.

आता तयारी. कथानक लिहायचं नाही, फक्त तीन वाक्यं लिहायची: इथे कुणाला काय हवंय, ते मिळण्याच्या आड काय येतंय, आणि पार्टी आलीच नसती तर पहाटेपर्यंत काय झालं असतं. तिसरं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि खेळ तिथेच अडतो. खेळाडू अनपेक्षित वागले की जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पुढचं सुचत नाही, कारण समोरच्या बाजूचा बेतच ठरलेला नसतो.

एक उदाहरण घेऊ. पाटलीणबाईंना गावच्या बारवेचं पाणी परत हवंय. तळाशी यक्षीण बसलीय, कारण तिच्या देवकोष्ठातली (भिंतीतल्या कोनाड्यातली) मूर्ती कुणीतरी उचलून नेलीय. कुणी काही केलं नाही, तर पहाटे अख्खं गाव गुरं सोडून निघून जाईल. एवढ्यावर साडेतीन तास आरामात निघतात.

पण बारव दिसली पाहिजे. "जुनी, भयाण बारव" म्हटल्यावर खेळाडू काय करणार? त्याऐवजी सांगा: पाणी बाविसाव्या पायरीच्या खाली गेलंय, तरी सातवी पायरी ओली आहे. लगेच कुणी वाकून बघेल, कुणी पायरीला हात लावेल, कुणी म्हणेल की रात्री कुणीतरी वर येऊन बसतं. हा तर्क तुमच्यापेक्षा चांगला असेल तर गुपचूप तोच खरा करा. मात्र एकदा टेबलावर सिद्ध झालेली गोष्ट नंतर बदलू नका. खेळाडूंच्या ते लक्षात येतं, आणि मग ते शोध घेणंच सोडतात.

महत्त्वाच्या शोधाला किमान तीन खुणा ठेवा. इथे ओली पायरी, रिकामं देवकोष्ठ आणि काफिल्यातल्याच एका गाडीत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. एकच खूण असली आणि ती फाशावर टांगली, तर भाग तिथेच मेला. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाला डीसी (काम जमायला गाठायचा आकडा) 10, मध्यमला 15, अवघडला 20 धरतात. पात्राच्या कौशल्याचे +5 फाशात मिळवायचे असतील तर डीसी 15 साठी वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा जास्त लागतं, म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. जवळजवळ निम्म्या वेळा हुकणारच. म्हणून खूण सापडू द्या आणि हुकल्याची किंमत वेळेत घ्या: कागदावर सहा भागांचं वर्तुळ काढा, प्रत्येक हुकलेल्या फाशाला किंवा विश्रांतीला एक भाग रंगवा. सहाही भरले की तिसरं वाक्य खरं होतं. वर्तुळ सगळ्यांना दिसेल असं ठेवा.

लढाईसाठी नवे आकडे बनवत बसू नका. 2014 च्या नियमांतल्या ओगर या राक्षसाचे आकडे (एसी, म्हणजे फटका लागायला गाठायचा आकडा, 11; हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, 59) यक्षिणीला चालतात, वर्णन फक्त बदलायचं. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, पार्टीवर मात्र ती सोडू नका. ओगरच्या एका फटक्याचं सरासरी नुकसान 13 असतं, आणि 8 हिट पॉइंटचा जादूगार त्यात आडवा होतो. उलट वरच्या लेव्हलला ती एकटी पुरत नाही. चार जणांच्या चार पाळ्या आणि तिची एकच, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत खेळ आटोपतो. सोबत दोन-तीन सांगाडे द्या (एसी 13, हिट पॉइंट 13). आणि निम्मे हिट पॉइंट गेल्यावर ती काय मागेल, तेही ठरवून ठेवा. मूर्ती परत दिली तर लढाई थांबली पाहिजे.

जागा सुचत नसेल तर आपले किल्ले आठवा, पण प्रत्येकातून एकच करामत घ्या. देवगिरीच्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या बोगद्यातून, वर चढणाऱ्या शत्रूवर वरच्या तोंडाच्या लोखंडी झाकणावर आग पेटवून धूर सोडण्याची सोय होती. नळदुर्गचा पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे, पाणी डोक्यावरून जातं आणि खोली कोरडी राहते. धूर असलेला बोगदा हा एक भाग, पाण्याखालची खोली हा दुसरा. दोन्ही एकत्र केले तर नकाशा समजावण्यातच वेळ जाईल.

नावांची यादी आधीच करा, दहा तरी: केरबा, गिरजाबाई, लिंबाजी, हुसेनभाई, द्वारका. प्रत्येकापुढे एक सवय लिहा, उदाहरणार्थ "बोलताना सुपारी कातरतो". नावासाठी जीएम अडखळला की हा माणूस बिनकामाचा, हे सगळ्यांना कळतं.

वेळेचं गणित कडक ठेवा. सुरुवात प्रवासापासून नको, थेट वेशीत करा: रिकाम्या घागरी घेऊन बायका परत येताहेत. पहिल्या तासात दोन खुणा तरी हाती लागाव्यात, दोन तासांत पार्टीचा निर्णय व्हावा. पाऊण तास उरला आणि अजून चर्चाच चालू असेल, तर वर्तुळाचे उरलेले भाग भरून यक्षिणीलाच वर आणा. शेवटची वीस मिनिटं हिशेबाला: बक्षीस काय, मूर्ती चोरणाऱ्याचं काय करायचं, आणि काफिल्यात तोंड कुणाला दाखवायचं.

सेशन संपल्यावर एका कार्डावर एकच ओळ लिहा, कुणाचं पार्टीवर काय देणं राहिलं. तीन-चार मुक्कामांनंतर त्यातलंच एक कार्ड काढा आणि त्या माणसाला पुढच्या वेशीत उभं करा.