ताप उतरला, अंगावर पुरळ उठलं: या चुका टाळा

लेकराचा ताप गेला आणि छाती-पाठीवर लाल पुरळ दिसलं की घरात पहिलं नाव निघतं गोवराचं. पुष्कळदा ते चुकीचं असतं. गोवरात आधी तीन-चार दिवस खोकला, वाहतं नाक, लाल डोळे असतात. पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं आणि तेव्हा ताप उलट चढलेला असतो. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाचा तीन-पाच दिवसांचा कडक ताप एकदम उतरला, मग अंगावर गुलाबी पुरळ आलं आणि बाळ खेळतंय, तर तो बहुधा रोझिओला, म्हणजे बाळांना होणारा विषाणूचा साधा आजार. एक-दोन दिवसांत आपोआप मावळतो. म्हणून ताप कधी आला, कधी उतरला, पुरळ कुठून सुरू झालं हे लिहून ठेवा. डॉक्टरांचं निम्मं निदान त्यात असतं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे ताप उतरला की निर्धास्त होणं. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, घरोघर टाक्या-रांजण भरलेले असतात आणि डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच घातक. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार, लेकरू मलूल, सहा तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.

पुरळावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून बघा. लाली गेली नाही तर कातडीखाली रक्त उतरलंय. तडक मोठा दवाखाना गाठा. सावळ्या अंगावर हे नीट दिसत नाही, तेव्हा तळहात-तळपायही तपासा.

औषधाचं माप वयावर नाही, वजनावर ठरतं. पॅरासिटामॉल दर किलोला 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या लेकराला 150 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 125 वालं सिरप 6 मिली, 250 वालं फक्त 3 मिली. बाटली बदलली की चमच्याचं माप बदलतं, गफलत इथेच होते. अ‍ॅस्पिरिन देऊच नका. डेंग्यूचा संशय असेल तर आयब्युप्रोफेनही नको. मेडिकलवरून आणलेली खाजेची मिश्र मलमं लावू नका, त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. अँटिबायोटिक चालू असताना पुरळ उठलं तर पुढचा डोस डॉक्टरांना विचारूनच द्या. ओठ-डोळे सुजले, धाप लागली तर वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

देवी आली म्हणून दाराला लिंबाचा पाला बांधला, हरकत नाही. पण अंघोळ, डाळ-अंडी बंद करणं लेकराला खचवतं. कोमट पाण्यानं अंग धुवा, दूध-पेज चालू ठेवा. गोवरात डॉक्टर दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. ते डोळे वाचवतात, चुकवू नका.

गोवराचा संशय असेल तर आशाताईंना कळवा आणि पुरळ उठल्यापासून चार दिवस लेकराला अंगणवाडी-शाळेत पाठवू नका. घरातल्या धाकट्याची गोवर-रुबेलाची लस बघा: पहिली 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत.