पेशंट बिथरला की आधी काय बघायचं

सलाईन उपटणारा, ओरडणारा, 'मला घरी सोडा' म्हणत कॉटवरून उतरू पाहणारा पेशंट समोर आला की नव्या सिस्टरच्या तोंडून हमखास निघतं, 'घाबरू नका, शांत व्हा.' असं सांगून कोणी शांत होत नाही. त्याला कशाचा त्रास होतोय ते शोधा, आणि माझा आग्रह असा की सुरुवात शरीरापासून करा.

पल्स ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन कमी पडला की माणूस आधी अस्वस्थ होतो, चिडतो. ओठ निळे पडतात ते बरंच नंतर. मग शुगर. ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू होऊ शकतं. दुखतंय का, शून्य ते दहामध्ये किती, हे विचारा. बोलता येत नसेल तर कपाळावरच्या आठ्या आणि आवळलेल्या मुठी बघा.

आणि पेशंटला सांगून ओटीपोटावर हात ठेवा. नेमकं हेच राहून जातं. ऑपरेशननंतर लघवी तुंबलेली असते, नाहीतर कॅथेटरची, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी मांडीखाली दबलेली असते. सगळ्या वॉर्डाला शिव्या घालणारे एक आजोबा मला आठवतात. नळीला पीळ पडला होता. तो सोडवला, पिशवी भराभर भरू लागली, आणि आजोबांनी डोळे मिटले. त्यांना नुसतं समजावत बसलो असतो तर रात्रभर तळमळले असते.

कालपर्यंत नीट बोलणाऱ्या वयस्कर पेशंटला आज रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. हे डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतं. त्यामागे इन्फेक्शन, अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, एखादं नवीन औषध असं काहीही असतं, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवा. मुंग्या आहेत की नाहीत यावर वाद नको आणि खोटा होकारही नको. 'तुम्हाला भीती वाटतेय, कळतंय मला. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, रात्रीचे दोन वाजलेत, मी इथेच आहे.' चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या. अर्धा गोंधळ नीट न दिसण्या-ऐकण्याचा असतो. हात बांधले की धडपड आणखी वाढते. एकाएकी गप्प झालेल्या, सुस्त पडून राहणाऱ्या पेशंटलाही डिलिरियमच झालेलं असू शकतं. तो कोणाला त्रास देत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शरीरात कारण सापडलं नाही किंवा ते निस्तरून झालं, तरी भीती उरतेच. तेव्हा खुर्ची ओढून बसा. दारात उभं राहून बोललेलं पेशंटपर्यंत पोचत नाही. काय करणार ते करण्याआधी सांगा. सलाईन लावायची असेल तर: 'दंडाला पट्टा बांधते, टोचताना चुरचुरेल, मग सुई काढून घेते, आत फक्त मऊ नळी राहते.' हे शेवटचं तर जरूर सांगा. आत सुईच आहे या समजुतीने कित्येक जण दिवसभर हात ताठ धरून बसतात. 'अजिबात दुखणार नाही' असं मात्र म्हणू नका. ते खोटं ठरलं की पुढच्या इंजेक्शनला विश्वास उरत नाही. 'येते हं' म्हणालात तर किती वेळात ते सांगा.

धाप भीतीचीच आहे अशी खात्री झाली की त्याच्यासोबत श्वास घ्या: नाकाने आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर, बाहेरचा श्वास जास्त लांब. कॉटच्या पायथ्याशी कुजबुजू नका, कारण पेशंटला सगळं आपल्याबद्दलच वाटतं.

'आता जगून काय करू' असं कोणी म्हणालं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका, दुसऱ्या कोणाला तरी डॉक्टरांना बोलवायला पाठवा, आणि जवळपासची औषधं, ब्लेड, कात्री उचला.

ड्युटी संपताना नोट्समध्ये 'पेशंट त्रास देतो' असं कधीच लिहू नका. काय दिसलं आणि कशाने बरं वाटलं ते लिहा: 'रात्री २ वाजता अस्वस्थ. कॅथेटरचा पीळ काढल्यावर झोपले. छोटा दिवा चालू हवा. डाव्या कानात मशीन.' सकाळच्या सिस्टरला मग पहिल्यापासून शोधत बसावं लागत नाही.