मेपलचा रस आटवायचा घरगुती पॅन : या चुका टाळा

रस आटवायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुऱ्हाळातली काहील येते. अमेरिकेतल्या व्हर्मांट किंवा कॅनडातल्या ओंटारियोत घराच्या मागे मेपलच्या झाडाचा रस आटवायला निघालेल्यांची पहिली चूक इथूनच सुरू होते. उसाच्या रसात 15 ते 20 टक्के साखर असते, मेपलच्या रसात जेमतेम 2. एक लिटर सिरपसाठी, म्हणजे आटवून झालेल्या पाकासाठी, 40 ते 43 लिटर रस आटवावा लागतो. तिथे खोल भांडं कामाचं नाही, तळ मोठा हवा.

म्हणून पत्रा आणण्याआधी हिशेब मांडा. धग चांगली असेल तर एक चौरस मीटर तळावरून तासाला साधारण 40 लिटर पाणी उडतं. 60 × 60 सेंमीच्या पॅनमधून 14 लिटर, 60 × 120 मधून 29. दिवसाला 120 लिटर रस जमत असेल, तर पहिल्यावर साडेआठ तास बसावं लागेल, दुसऱ्यावर चार तासांत काम होईल. पॅनची उंची वाढवून यात काहीच फरक पडत नाही. 18 ते 20 सेंमीच्या कडा पुरतात, त्याही फेसासाठी. रस 4-5 सेंमीच ठेवा. फेस वर आला तर लोण्याचा एक थेंब टाका, लगेच बसतो.

पत्रा 304 स्टेनलेसचा, 0.8 ते 0.9 मिमी जाडीचा घ्या. गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पत्रा आणि शिशाने डाग देऊन जोडलेले जुने पॅन अजिबात वापरू नका. शिसं सिरपमध्ये उतरतं. कडा त्याच पत्र्याच्या वर वळवा, म्हणजे फक्त चार कोपरेच जोडावे लागतील. सलग वेल्डिंग मारलं की पत्रा तापून फुगतो, तळाला मध्येच उंचवटा येतो. त्या उंचवट्यावर रसाचा थर पातळ राहतो आणि सिरप पहिल्यांदा तिथेच करपतं. त्यामुळे टाके अंतराअंतराने मारा, मध्ये पत्रा थंड होऊ द्या.

सगळ्यात जास्त घोटाळा मधल्या पट्ट्यांत होतो. लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या लावल्या की तीन गल्ल्या होतात. एका पट्टीची वाट (रस पलीकडच्या गल्लीत जायची फट) पुढच्या टोकाला ठेवली तर दुसरीची मागच्या टोकाला हवी, म्हणजे रस नागमोडी जातो आणि पुढे सरकता सरकता घट्ट होतो. दोन्ही वाटा एकाच टोकाला ठेवल्या तर रस सरळ मधूनच पळतो, उरलेल्या गल्ल्या साचून राहतात. वाट 5 ते 7 सेंमीची ठेवा. त्याहून मोठी असली तर घट्ट सिरप मागे फिरून कच्च्या रसात मिसळतं. फार लहान असली तर नळ उघडताच शेवटची गल्ली कोरडी पडते, आणि कोरडा तळ मिनिटभरात काळा होतो. नळ तळाला लागूनच बसवा, पण विस्तवाच्या बाहेर. नळी जाळावर आली तर आतलं सिरप तिथेच जळतं.

पॅन चुलीवर पाणसळीने सरळ बसवा. कडा विटांवर 2-3 सेंमी टेकू द्या आणि फटीत सिरॅमिक दोर भरा. जाळ रसाच्या पातळीच्या वर कडेला लागला, की तिथे साखरेचं काळं कडं धरतं आणि सगळ्या घाण्याला करपट वास येतो.

गार रस बादलीने ओतू नका, उकळी बसते. मागच्या टोकाला एक छोटं भांडं ठेवून त्यातून कोमट रसाची बारीक धार सोडा. त्या दिवशी पाणी जितक्या अंशाला उकळतं त्याहून 4 अंश सेल्सिअस वर सिरप तयार होतं. हा आकडा हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो, म्हणून रोज पाणी उकळून तपासा. मोठ्या पॅनमध्ये शेवटपर्यंत न्यायचा मोह आवरा. एक-दोन अंश आधी काढून घरात गॅसवर पूर्ण करा.

तळावर वाळूसारखा पांढुरका थर बसू लागला तर तो कॅल्शियम मॅलेट, रसातलाच क्षार. तो खरवडू नका, व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजवा.

विस्तव विझला म्हणून पॅन लगेच रिकामा करू नका. विटा बराच वेळ धग सोडतात, त्या थंड होईपर्यंत तळात 6-7 सेंमी रस राहू द्या.