जुनी पोस्टकार्डं वाचताना आधी मायना वाचा

तारेला टोचलेली जुनी पत्रं हाती आली तर ती ओढून काढू नका, आणि काढल्या काढल्या तारीखवार लावायलाही बसू नका. पत्र वाचून झालं की वरून तारेत टोचायचं, ही घरोघरची पद्धत होती. त्यामुळे सगळ्यांत जुनं कार्ड तळाशी आणि शेवटचं वर. टपालाचा शिक्का पार पुसलेला असला तरी वरच्या आणि खालच्या कार्डावरून मधल्याचा काळ काढता येतो. हा क्रम एकदा मोडला की गेला.

मी या घरची सून, त्यातून निवृत्त शिक्षिका. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जायचं ठरलं, माळा रिकामा करायला घेतला, तेव्हा आजेसासऱ्यांची (सगळे त्यांना नाना म्हणत) अशी एक तार आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून कार्डं निघाली. त्यांतल्या बहुतेक माणसांना मी पाहिलेलंही नाही. सुनेला याचा फायदाच होतो. घरच्यांना वाटतं, आपल्याला सगळं माहीत आहे, म्हणून ते मायना आणि शेवट सोडून मधलंच वाचतात.

तार हाती लागली की आधी बाजूने एक फोटो काढा. मग वरचा गंजका आकडा कटरने तोडून टाका, नाहीतर प्रत्येक कार्ड त्या वाकणावरून काढताना भोक फाटतं आणि नेमका तिथलाच शब्द जातो. एकेक कार्ड उचलून कोपऱ्यात साध्या शिसपेन्सिलीने हलका क्रमांक घाला. बॉलपेन नको, स्टेपलर नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. तिचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्या उत्साही भाच्याला चहा पाजून परत पाठवा.

हे काम पावसाळ्यात काढू नये. ठाण्याच्या जुलैतल्या हवेत कार्डं दमट होतात, एकमेकांना चिकटतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बसावं. चिकटलेली कार्डं ओल्या फडक्याने सोडवायचा मोह होतो, तो आवरा. दौतीच्या शाईचा फराटा होतो, आणि काही जुनी कार्डं कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली असतात. वरून साधी करडी अक्षरं दिसतात, पाण्याचा थेंब पडला की जांभळी होऊन पसरतात.

फोटो दोन्ही बाजूंचे काढा, फ्लॅश न लावता, खिडकीजवळच्या सावलीत. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. शिक्क्याचे आकडे वाचायला त्याचा उपयोग होतो. फाइलचं नाव वर्ष, महिना, तारीख, पाठवणारा, घेणारा या क्रमाने दिलं की यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. पेन्सिलीची अक्षरं उडाली असतील तर अंधार करून टॉर्च कार्डाच्या कडेला आडवा धरा. लिहिताना पडलेला दाब सावलीत उमटतो.

काळ कसा लावायचा

शिक्का स्पष्ट असेल तर प्रश्न नाही. बहुतेक कार्डांवर दोन शिक्के असतात, टाकल्या गावचा आणि पोचल्या गावचा. शिक्का वाचता येत नसेल तर छापील तिकीट बघा. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला सुरू झालं, पाव आण्याला. राजाचं डोकं असेल तर कार्ड छापलंय बहुधा स्वातंत्र्याआधी. ‘नये पैसे’ असेल तर छपाई १ एप्रिल १९५७ नंतरची. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ला गेला. पंधरा पैशांचं कार्ड पाहिलं की माझ्या पिढीला १९८०चं दशक आठवतं. मात्र छपाईचा काळ म्हणजे लिहिण्याचा काळ नव्हे. आमचे नाना दर वाढायच्या आधी कार्डांचा गठ्ठा घेऊन ठेवत आणि मग वरून जादा तिकीट चिकटवत.

पत्ताही काळ सांगतो. पिनकोड असेल तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ‘जि. कुलाबा’ असेल तर बहुधा १९८१च्या आधीचं, कारण त्या वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. पण म्हातारी माणसं पुढेही कुलाबाच लिहीत राहिली, म्हणून ‘बहुधा’. ‘ता. डहाणू, जि. ठाणे’ पाहून जुने कागद शोधायला ठाण्याच्या कलेक्टर कचेरीकडे निघालात तर थांबा. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा वेगळा आहे, चौकशी तिकडून सुरू करा.

इंग्रजी तारखेऐवजी मिती (पंचांगातला महिना, तिथी आणि शक) असेल तर शकात ७८ मिळवायचे. मात्र जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. नानांच्या धाकट्या बहिणीचं, माईआत्याचं, गुहागरकडून आलेलं एक कार्ड आहे. शिक्का म्हणजे नुसता काळा डाग. वर ‘मार्गशीर्ष शके १८८९’, पुढची तिथी भोकात गेलेली. मजकुरात एक ओळ: ‘सोमवारी पहाटेच्या धक्क्याने मांडणीवरची भांडी खाली आली, गोठ्याची भिंत कलली.’ १८८९ अधिक ७८ म्हणजे १९६७. आणि कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ला, सोमवारी पहाटे. म्हणजे कार्ड त्याच आठवड्यातलं. मिती, वार आणि एखादी गाजलेली घटना, या तिन्हींचा मेळ बसला की काळ पक्का समजा. पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), १९७२चा दुष्काळ, मे १९७४चा रेल्वे संप, जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेला गिरणी संप, यांचा उल्लेख मराठी घरांतल्या पत्रांत कुठे ना कुठे डोकावतो.

कार्ड मोडीत असेल तर ओळखीतला मोडी वाचणारा गाठा. निदान पत्ता आणि मिती तरी वाचून घ्या.

मायना

शाळेत पत्रलेखन शिकवताना मुलं मायना पाठ करून मोकळी होत. जुन्या कार्डांत मात्र मधल्या मजकुरापेक्षा मायना आणि शेवटची नमस्कार-आशीर्वादांची ओळ हीच खरी माहिती असते. मधे काय, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’, आमसुलं पाठवली, पाऊस बरा. पण ‘ती.’ कुणाला, ‘चि.’ कुणाला, ‘रा. रा.’ कुणाला, यात नातं आणि वय दोन्ही आलं. ‘रा. रा.’ बहुधा व्याही किंवा बाहेरचा माणूस. शेवटच्या ओळीत घरातली माणसं मानाप्रमाणे येतात: आधी ज्यांना नमस्कार, मग ज्यांना आशीर्वाद. ही त्या दिवशीची घरची हजेरीच.

म्हणून एक वही करा. प्रत्येक कार्डाला एक ओळ: काळ, कुणी, कुणाला, आणि नमस्कार-आशीर्वादांत आलेली सगळी नावं, आहेत तशी, उपाधीसकट. वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण सगळं यातूनच निघतं. ‘कु.’चं ‘सौ.’ झालं की मधे लग्न. तिथे नाव बदललं असेल, म्हणून कुसुम नाहीशी होते आणि सासरच्या पत्त्यावर सौ. सुनंदा अवतरते. (माझंही लग्नात बदललं. माहेरची पत्रं जुन्या नावाने येत, आणि पोस्टमन दर वेळी विचारी, या कोण?) आशीर्वादांत नवं ‘चि. बाळ’ आलं की जन्म. पण ‘बाळ’वर फार विसंबू नका, आमच्या तारेत तीन पिढ्यांचे तीन बाळ आहेत आणि तात्या दोन.

आता भूकंपाच्या त्या कार्डाकडे परत. त्यात शेवटी आहे, ‘ती. काकांस व सौ. काकूस नमस्कार सांगावा, ते ठाण्यास आले असल्यास.’ तारेवर त्याच्या लगेच वरचं माईआत्याचंच कार्ड माघातलं, म्हणजे १८८९ अधिक ७९, फेब्रुवारी १९६८चं. त्यात आहे ‘गं. भा. काकूस नमस्कार.’ गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी, विधवेच्या नावाआधी लिहीत. काका गेल्याचं पत्र मधे नाही. ते नसणारच. दुःखाचं कार्ड वाचून फाडून टाकत, घरात ठेवत नसत. तेव्हा तुमच्याही गठ्ठ्यात मृत्यूची पत्रं सापडणार नाहीत, हे धरूनच चाला, आणि ‘सौ.’ कुठे थांबलं, ‘गं. भा.’ कुठे सुरू झालं ते बघा. दोन महिन्यांची चौकट मिळाली की सरकारी दप्तरात शोधणं सोपं जातं. नुसतं ‘साठ-सत्तरच्या सुमारास कधीतरी’ म्हणून अर्ज केलात तर कारकून तोंडाकडे बघत राहतो.

एक सावधगिरी. अक्षर पाठवणाऱ्याचंच असेल असं नाही. माईआत्याला लिहिता येत नव्हतं. तिची कार्डं चार वेगवेगळ्या अक्षरांत आहेत, आणि एकात लिहिणाऱ्या पोराने आपलाही नमस्कार कोपऱ्यात घुसवलाय. तो कोण हे शोधलं तर शेजारघर सापडतं. आणि समास वाचायला विसरू नका. नऊ बाय चौदा सेंटिमीटरची जागा; ती संपली की माणसं कडेने आडवं लिहीत, मग ‘श्री’च्या डोक्यावर उलटं. खरी निकड बहुधा तिथेच, ता. क.मध्ये: ‘पन्नास रुपयांचे जमल्यास पहावे.’

कार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचतात, हे लिहिणाराही जाणून असे. म्हणून ‘त्या कामाचे’, ‘तुम्हांस ठाऊक असलेल्या मंडळींकडून’ असली भाषा. ‘सविस्तर पाकिटात लिहितो’ दिसलं की वहीत खूण करा. ते पाकीट वेगळीकडे ठेवलेलं असतं, पोथीत, कपाटाच्या कागदाखाली, कधी दागिन्यांच्या पेटीत.

माणसं आणि दप्तर

घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांच्यासमोर प्रश्नांची यादी घेऊन बसू नका. कार्ड मोठ्याने वाचून दाखवा आणि गप्प बसा. सासूबाईंना ‘काका कधी गेले’ विचारलं तर ‘फार वर्षं झाली’ एवढंच. भूकंपाचं कार्ड वाचल्यावर मात्र त्या म्हणाल्या, ‘काका संक्रांतीला नव्हते. त्या वर्षी आपण तिळगूळ वाटला नाही.’ वर्ष विचारावं लागतच नाही, सण विचारावा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण त्यांना सांगून.

मग सरकारी कागद. गावाकडचे जुने जन्म-मृत्यू गाव नमुना १४मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. जमीन असेल तर त्याहून चांगली वाट वारस नोंदीची: गाव नमुना ६-क आणि त्यावरून झालेला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. माणूस गेला की त्याच्या वारसांची नावं तिथे चढतात, आणि १९५६चा हिंदू वारसा कायदा आल्यावर लेकींचीही. काकांच्या फेरफारात काकू आणि दोन मुलगे अपेक्षेप्रमाणे होते. चौथं नाव एका बाईचं, लग्नानंतरच्या आडनावाने. काकांच्या पहिल्या बायकोची मुलगी. घरात तिचं नाव कुणी कधी काढलं नव्हतं. वहीत मागे जाऊन पाहिलं तर ती होतीच: ‘चि. ताई दिवाळीस आली नाही, वाट पाहिली.’ ती कोणाचीही ताई असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेली ओळ.

असं काही निघालं तर लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ज्यांच्याबद्दल आहे त्यांची मुलं-नातवंडं हयात असतात, आणि त्यांना हे अठ्ठावन्न जणांच्या ग्रुपवर कळावं यात काही शहाणपण नाही. कर्ज, मोडलेली लग्नं, वाटणीचे वाद, यांनाही हाच नियम. आधी ज्यांचं त्यांना फोन.

ठाण्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून इथे आहे. तुमच्या आडनावाचा कुलवृत्तांत (घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक) छापलेला असेल तर अशा जुन्या ग्रंथालयात आधी विचारा. मात्र कुलवृत्तांतात लेकीबाळींची नावं बऱ्याचदा नुसती ‘कन्या’ म्हणून उरकलेली असतात. आमच्या चि. ताईचा तिथे पत्ता नव्हता.

तुमच्याकडे आहेत ती सगळी आलेली पत्रं. तुमच्या आजोबांनी लिहिलेली दुसऱ्यांच्या माळ्यावर आहेत, गुहागरला, वाशीला, पुण्याला. जोडकार्ड असेल तर कधी कधी कोरं उत्तराचं कार्ड तसंच चिकटलेलं सापडतं, म्हणजे उत्तर गेलंच नाही. वहीतले पत्ते काढून त्या घरांना कळवा. ‘जुनं काही असेल तर द्या’ म्हटलं की कुणी माळ्यावर चढत नाही. ‘१९६७च्या दिवाळीच्या आसपास नानांचं तुमच्याकडे आलेलं कार्ड आहे का’ असं नेमकं विचारलं की चढतात. मूळ मागू नका, फोटो मागा. आणि स्पष्ट सांगा: दोन्ही बाजू, मायन्यासकट, समासासकट. नाहीतर मधला मजकूर तेवढा टाइप करून पाठवतात, ‘सर्व क्षेम’ म्हणून.