पुराचा इशारा शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो का, हे कसे तपासावे

नाशिकमध्ये पुराची मोजपट्टी म्हणजे रामकुंडापाशी गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले अशा बातम्या शहरभर पसरतात आणि होळकर पुलावर बघ्यांची गर्दी होते. जुने नाशिककर त्याही पुढे जाऊन सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराची घंटा यांना पाणी लागल्याचे दाखले देतात. परंतु ही मोजपट्टी रामकुंडापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या उपयोगाची आहे. वाघाडी किंवा नासर्डी या शहरातल्या छोट्या नद्यांच्या काठी पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला मारुतीच्या कमरेवरून आपल्या उंबऱ्याचा अंदाज करता येत नाही, आणि तो करून देण्याचे काम कोणाचे आहे हेही बहुधा ठरलेले नसते. इशारा त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो का हे कसे तपासावे आणि मध्ये तुटलेले दुवे पावसाळ्याआधी कसे जोडावेत, याची ही माहिती आहे. मंडळाचे कार्यकर्ते, अंगणवाडी सेविका, शिक्षक, बचत गटातल्या महिला यांपैकी कोणीही चार-पाच जण मिळून मे महिन्यातल्या दोन रविवारी हे काम करू शकतात.

अंदाज अचूक असूनही लोक मागे का राहतात

अंदाज बरोबर असणे आणि इशारा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरावर कतरिना हे हरिकेन, म्हणजे तिकडचे चक्रीवादळ, २९ ऑगस्ट २००५ रोजी, सोमवारी सकाळी आदळले. ते शहराच्या रोखाने येत असल्याचे हवामान केंद्राने शुक्रवारीच सांगितले होते. शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश मात्र रविवारी सकाळी निघाला, म्हणजे लोकांच्या हाताशी पुरता एक दिवसही उरला नाही. शिवाय शहरातल्या चारातल्या एकाहून अधिक कुटुंबांकडे मोटारच नव्हती, त्यामुळे ‘निघून जा’ हा आदेश त्यांना लागू होता तरी पाळता येण्यासारखा नव्हता. त्यात महिनाअखेर होती. सरकारी मदतीचे धनादेश एक तारखेच्या सुमारास यायचे होते आणि वाटखर्चाला अनेकांकडे पैसे नव्हते. ज्या शाळेच्या बसमधून या माणसांना नेता आले असते, त्या बस नंतर तळावरच ओळीने बुडालेल्या दिसल्या. पुढे शहराने १७ जागा कायमच्या ठरवून तिथे खुणेचे पुतळे उभारले. वाहन नसलेल्यांनी तिथे जमायचे आणि तिथून त्यांना सरकारी वाहनांतून न्यायचे, अशी ती व्यवस्था आहे.

याच्या उलट बाजूला ओडिशा आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसे मेली. २०१३ मध्ये फायलिन हे चक्रीवादळ आले तेव्हा १० लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. ओडिशा या १४ वर्षांत काही श्रीमंत झाला नव्हता. बदल झाला तो निवाऱ्याच्या इमारती, गावागावांतले स्वयंसेवक आणि कोणी कोणाला उठवायचे याचे आधी झालेले वाटप, यांमध्ये.

समुद्र आपल्यापासून दूर आहे, असे म्हणून नाशिककराला हा विषय टाळता येत नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ वादळ क्षीण होत याच बाजूला सरकले होते. गोदावरीचे पूर तर २००८, २०१६ आणि २०१९ असे अलीकडचेच आहेत.

सुरुवात शेवटच्या घरापासून

पहिल्या दिवशी वस्तीत नदीच्या सर्वांत जवळच्या घरापासून सुरुवात करावी. मागच्या मोठ्या पुरात पाणी कुठवर आले होते हे तिथल्या जुन्या बायकांना विचारावे. त्यांना ते तारखेने नव्हे, तर ‘चुलीपर्यंत’, ‘फळीवरच्या डब्यापर्यंत’ असे आठवते आणि ते विश्वासार्ह असते. ती उंची विजेच्या खांबावर किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने आखून ठेवावी. पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे साधारणपणे २५ वर्षांतून एकदा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, नकाशावर असतात. वस्तीतल्या माणसाला भिंतीवरची रेघ अधिक बोलते.

त्यानंतर प्रत्येक घरी मागच्या पुराविषयी विचारावे, पण ‘इशारा मिळाला होता का?’ असे विचारू नये. या प्रश्नाला लोक सवयीने ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी कोणी सांगितले, किती वाजता सांगितले, नेमके कोणते शब्द वापरले आणि ते ऐकल्यावर तुम्ही काय केले, असे चार प्रश्न विचारावेत. ‘पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा शेजारणीने सांगितले’ असे उत्तर आले, तर त्या घराला इशारा मिळाला नाही असेच नोंदवावे, मग कागदोपत्री त्या दिवशी कितीही वेळा दवंडी झालेली असो.

ही उत्तरे हाती आल्यावर वर चढत जावे. धरणातून विसर्ग वाढवल्याचा संदेश किती वाजता निघाला, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात किती वाजता पोहोचला, भोंग्याची गाडी वस्तीत किती वाजता आली आणि शेवटच्या घराने किती वाजता ऐकले, अशा चार वेळा एका कागदावर मांडाव्यात. पहिल्या दोन वेळा तोंडी मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. म्हणूनच हा अर्ज पाहणीच्या आधी, एप्रिलमध्येच गेलेला बरा. बहुतेक वेळा असे दिसते की सर्वांत मोठी गळती शेवटच्या टप्प्यात होते: भोंग्याची गाडी डांबरी रस्त्यावरून पुढे जाते आणि बोळात शिरत नाही, कारण बोळ चार फुटांचा असतो.

इशाऱ्याचे भाषांतर

‘गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ या वाक्यात चूक काही नाही, आणि उपयोगही फारसा नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी, हे सांगूनही कोणाला आपल्या दाराचे चित्र दिसत नाही. मागच्या दोन-तीन पुरांत किती विसर्ग असताना पाणी आपल्या वस्तीतल्या कोणत्या खुणेला लागले होते, हे विसर्गाच्या जुन्या नोंदी आणि लोकांच्या आठवणी शेजारी ठेवून शोधता येते. ते कळले की इशारा असा देता येतो: ‘पाणी पिंपळाच्या पारापर्यंत येणार आहे, पहिल्या दोन ओळींनी आत्ता शाळेत जायचे आहे.’ कोणी जायचे, कुठे जायचे आणि कधी जायचे, या तीन गोष्टी ज्या वाक्यात नाहीत ते वाक्य भोंग्यावरून बोलूच नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. धरणाचा इशारा गोदावरीपुरता असतो. शहरातच जोराचा पाऊस कोसळला तर नासर्डी आणि वाघाडी धरणाचा एक दरवाजाही न उघडता फुगतात, आणि त्यांच्या काठच्या वस्त्यांना मिळणारा वेळ फार थोडा असतो. अशा वस्तीने हवामान विभागाचा रंग पाहावा, पण तोही जपून. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मात्र हा रंग जिल्ह्यासाठी किंवा घाटमाथ्यासाठी असतो, आणि आपल्या जिल्ह्यात इगतपुरीचा पाऊस आणि येवल्याचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन-तीन वेळा लाल रंगाच्या दिवशी ऊन पडले की लोक तो मनावर घेईनासे होतात. त्यामुळे वस्तीचा स्वतःचा एक माणूस पुलाखालच्या खुणेकडे पाहणारा हवाच, आणि रात्रीसाठी दुसरा.

निरोप नेणारी माणसे

मोबाइलवर मोठा आवाज करून येणारे सरकारी संदेश आणि ‘सचेत’सारखे ॲप उपयोगी आहेत, त्यांचा प्रसार करावा. पण सर्वेक्षणात प्रत्येक घरी हे अवश्य विचारावे की रात्री दोन वाजता घरातला फोन कोठे असतो. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. घरी बायको, मुले आणि म्हातारी सासू असतात. त्यांच्यापर्यंत आवाजच पोहोचला पाहिजे. नाशिकमध्ये घंटागाडीचा आवाज ओळखत नाही असे घर नाही, म्हणून तिच्या भोंग्यावरून दिवसा सूचना देण्याची परवानगी विभागीय कार्यालयाकडे लेखी मागावी. गणेशोत्सव मंडळाचा ध्वनिवर्धक, मंदिराचा आणि मशिदीचा भोंगा, हे रात्रीचे पर्याय आहेत. एवढे करूनही प्रत्येक बोळासाठी दार वाजवणारे दोघे जण नावानिशी नेमावेत, त्यांतली एक महिला असावी. बांगलादेशाने १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर हेच केले: खेड्यापाड्यांत स्वयंसेवक नेमले, हातात कर्णा दिला आणि निशाणांची साधी भाषा ठरवली.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे गृहीत धरला जातो. पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबे, बागलाण-कळवणची अहिराणी बोलणारी माणसे, बांधकामावरचे हिंदी भाषक मजूर एकाच वस्तीत राहतात. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा हरिकेनच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्क शहरात तळघरातल्या खोल्यांमध्ये राहणारी ११ माणसे बुडाली. ही वस्ती मुख्यतः स्थलांतरितांची होती आणि धोक्याचे अधिकृत संदेश इंग्रजी व स्पॅनिशमध्येच गेले होते. आपल्या बोळात कोणाला कोणत्या भाषेत सांगावे लागेल, हे दार वाजवणाऱ्याच्या यादीत लिहिलेले असावे.

लोक घर का सोडत नाहीत

‘सांगूनही ऐकत नाहीत’ ही तक्रार अधिकाऱ्यांकडून हमखास ऐकू येते, आणि मला ती अर्धवट वाटते. शिलाई मशीन, शेळ्या, भरलेला सिलिंडर, हातगाडी हेच ज्याचे सगळे भांडवल आहे, तो माणूस ते बोळात सोडून शाळेच्या वऱ्हांड्यात बसायला तयार होत नाही, यात हटवादीपणा कमी आणि हिशेब अधिक असतो. दुसरी भीती याहून खोल असते: एकदा उठलो की झोपडी पाडतील, किंवा पंचनाम्याच्या वेळी घरी नसलो तर यादीत नाव येणार नाही. ही भीती भाषणाने जात नाही. स्थलांतर तात्पुरते आहे आणि पंचनामा परत आल्यानंतरच होईल, असे पत्र विभागीय कार्यालयाकडून आधी मिळवून ते वस्तीत वाचून दाखवावे. रेशनकार्ड, आधार, फोटोपास, वीजबिल यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला सांगावे आणि त्यांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवावेत. जड वस्तू ठेवण्यासाठी उंचावरची एक कुलूपबंद खोली आणि रात्री गस्त घालणारी चार मुले, एवढी सोय झाली तर निघणाऱ्यांची संख्या वाढते.

निवारा म्हणून ठरलेली महापालिकेची शाळा दिवसा नव्हे, रात्री जाऊन पाहावी. किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस कोठे राहतो, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाण्याच्या टाकीत पाणी आहे का, महिलांसाठी वेगळी खोली मिळेल का, याची उत्तरे नावांसह लिहून घ्यावीत. बायका जायला नकार देतात त्याचे कारण अनेकदा ती नसलेली कडी असते.

ज्यांना चालता येत नाही त्यांची यादी वेगळी करावी: अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेल्या बायका, डायलिसिसवरचे रुग्ण, एकटी राहणारी वृद्ध माणसे, आईबाप रात्रपाळीला असताना घरी एकटी असणारी मुले. प्रत्येक नावासमोर उचलणाऱ्या दोघांची नावे आणि एका वाहनाचा क्रमांक हवा. वस्तीतल्याच रिक्षावाल्याशी किंवा छोटा हत्ती चालवणाऱ्याशी भाडे आधी ठरवावे आणि ते कोण देणार हेही ठरवावे. सिंहस्थात लाखो भाविकांना कोणत्या रस्त्याने आणायचे आणि कोणत्या घाटावरून परत न्यायचे, याचे बारीक नियोजन हे शहर दर बारा वर्षांनी करते. तीनशे घरांची एक वस्ती अर्धा किलोमीटर हलवणे त्या मानाने किरकोळ काम आहे.

सराव आणि नोंद

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो अंधार पडल्यानंतर, एकदा सगळा सराव करावा. पहिल्या हाकेपासून शेवटचे घर रिकामे होईपर्यंत किती मिनिटे लागली ते मोजावे. तो वेळ पाणी चढण्याच्या वेळेपेक्षा जास्त निघाला, तर हाक आधीच्या खुणेला द्यायची असे ठरवून भिंतीवर दुसरी रेघ ओढावी. यादी, नकाशा आणि चार वेळांचा कागद यांची एकेक प्रत विभागीय कार्यालयाला व अग्निशमन केंद्राला द्यावी, तसेच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावे जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यावी. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक ठळक अक्षरांत बोळाच्या तोंडाशी रंगवावेत.

पूर आलाच, तर पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यापूर्वी त्याच संध्याकाळी प्रत्येक बोळातल्या दार वाजवणाऱ्यांना एकत्र बसवून कोणत्या घराला किती वाजता कळले, कोण निघाले, कोण राहिले आणि का राहिले, हे लिहून घ्यावे. दोन दिवसांनी विचारले तर सगळे जण ‘वेळेवर कळले होते’ असेच सांगतात.