सॅक शेवटी भरा: सैन्यातल्या तैनातीवर गेलेल्या जोडीदारांच्या मागे घर सांभाळणाऱ्यांसाठी डोंगरातल्या शिबिराची तयारी

यादीची सुरुवात बुटांपासून होईल असं तुम्हाला वाटलं असेल. मी ती फोनपासून करते आहे. नवरा तैनातीवर असला की आपला एक कान कायम फोनकडे असतो, आणि तो कान घरी ठेवून डोंगरात जाता येत नाही. माझ्या पहिल्या शिबिरात तंबूंच्या वरच्या अंगाला एक खडक होता. त्यावर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या यायच्या. पहिल्याच पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून मी तिथे पोचले, तर दोघीजणी आधीच उभ्या होत्या. कुणी कुणाशी बोललं नाही. एकीने सरकून मला जागा दिली आणि आम्ही तिघी हात उंच करून फोनकडे बघत राहिलो. पुढचे तीन दिवस माझं सगळं वेळापत्रक त्या खडकावर बेतलेलं होतं. नाश्ता झाला की खडक, चढून आलं की खडक, झोपण्याआधी खडक. दमून गेले होते ती दमूनच परत आले. चूक शिबिराची नव्हती. घरातून निघताना मी निरोपाची व्यवस्थाच करून आले नव्हते.

म्हणून सगळ्यात आधी निरोपाची साखळी बांधा. युनिटकडून कुटुंबांची विचारपूस करणारी जी व्यक्ती किंवा जे कार्यालय असेल, त्यांना लेखी कळवा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझा मोबाइल लागणार नाही, निरोप या नंबरवर द्यावा. हा नंबर मागे राहणाऱ्या एका माणसाचा असावा, आणि एकाचाच. तीन जणांना सांगितलं की तिघांनाही वाटतं, दुसऱ्याने कळवलं असेल. त्या माणसाकडे शिबिराच्या कार्यालयाचा नंबर, आणि कार्यालयाकडे वर असलेल्या प्रमुखाशी बोलण्याचा खात्रीचा मार्ग. तो मार्ग बहुधा सॅटेलाइट फोनचा असतो. तसला फोन स्वतः विकत घेऊन नेऊ नका, कारण काही देशांत परवानगीशिवाय तो बाळगणंही गुन्हा आहे. निघण्याच्या आठवड्यात कार्यालयाला सांगून एकदा चाचणीचा निरोप पाठवायला लावा आणि तो वर पोचायला किती वेळ लागतो ते विचारून घ्या. दोन तास लागतात हे माहीत असलं की दोन तास निश्चिंत बसता येतं.

नवऱ्यालाही तारखा आधी कळवा. त्याला फोन कधी मिळेल हे त्याच्या हातात नसतं, तेव्हा तो नेमका त्या चार दिवसांतच येणार असं धरून चला. फोन उचलला गेला नाही म्हणजे काही विपरीत घडलेलं नाही, एवढं त्याला ठाऊक हवं. मी आता निघायच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी एक ध्वनिसंदेश पाठवून ठेवते. मुलं कुणाकडे आहेत, मी कुठल्या वाटेने जाणार, परत कधी येणार, आणि थोडं असंच काहीबाही. तैनातीवर बायको आणि घरी नवरा असेल, तर त्यानेही हेच करायचं. वाट बघणं दोन्हीकडे सारखंच असतं.

तारीख निवडताना घाई करू नका. नौदलातल्या एका अधिकाऱ्याची पत्नी असलेल्या कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी 1987 साली तैनातीच्या काळातल्या मनाच्या चढउतारांचे सात टप्पे मांडले होते. जाण्याआधीची धास्ती, मग आपसातला दुरावा, तो गेल्यावरची विस्कटलेली अवस्था, हळूहळू बसणारी घडी, परत येण्याची चाहूल, आल्यावर संसाराची नव्याने वाटणी आणि शेवटी पुन्हा रुळणं. ज्यांनी हे सोसलंय त्यांना यातला एकही टप्पा समजावून सांगावा लागत नाही. माझं ठाम मत आहे की शिबिराला जायची वेळ म्हणजे चौथा टप्पा, घडी बसल्यानंतरची. तो निघायच्या आठवड्यात जाऊ नका, आणि तो परत यायच्या आसपास तर मुळीच नको. सैन्यातल्या परतीच्या तारखा सरकतात, आणि तो दारात उभा असताना आपण दरीत असलो तर ती रुखरुख वर्षभर जात नाही.

शिबिर निवडताना आयोजकांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून घ्या, फोनवर निम्मे विसरतात. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? रात्री कुणाला त्रास झाला तर गाडीच्या रस्त्यापर्यंत पोचायला किती तास? सोबत समुपदेशक आहे का, आणि तिच्याशी बोललेलं बाहेर जाणार नाही ना? एखादी गोष्ट करायची नाही म्हटलं तर कारण न देता बसता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला किंवा ‘करून तर बघा, भीती जाते’ म्हणाला, तर मी दुसरीकडे चौकशी करते. मग दिवसाचं वेळापत्रक मागा आणि त्यात मोकळे तास शोधा. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं म्हणणं असं की मुद्दाम ताणून धरलेलं लक्ष थकतं, आणि वाहतं पाणी, हलणारी पानं, सरकणारे ढग अशा गोष्टी मनाला न ओढता धरून ठेवतात, तेव्हा ते पुन्हा भरून येतं. एकटीने घर, मुलं, बँक, गळणारा नळ आणि बातम्या सांभाळणाऱ्या बाईचं लक्ष किती ताणलेलं असतं ते मी वेगळं सांगायला नको. सकाळी सहा ते रात्री दहा उपक्रमांनी खचाखच भरलेलं शिबिर म्हणजे तिच्यासाठी आणखी एक ड्युटी.

आता शरीर. निदान सहा आठवडे आधी चालायला लागा, आणि रिकाम्या पाठीने नको. आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ओझं पाठीवर घेऊन सुरुवात करा. मुक्कामी सॅकचं वजन पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये असा डोंगर चढणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. जिने चढताना दम लागतो, पण गुडघे खरे बोलतात ते उतरताना, म्हणून सरावात उतार जास्त ठेवा. बूट निघण्याच्या महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घ्या, आणि जे मोजे डोंगरात घालणार तेच घालून बघा. उतारावर पायाची बोटं पुढे आपटत असतील तर तो बूट लहान आहे, कितीही आवडला असला तरी. पायाची नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी सरळ रेषेत कापा. चालताना टाचेला कुठे गरम लागलं तर तिथल्या तिथे थांबून पट्टी लावा. सगळे पुढे जातायत म्हणून आपण थांबत नाही, आणि अर्ध्या तासात तिथे फोड येतो. थांबवून घ्यायची लाज वाटते ना? तोही सराव घरूनच करून या.

शिबिर उंचावर असेल तर आणखी थोडा अभ्यास हवा. दर 1000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते आणि उन्हातले अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, त्यामुळे थंडी वाजत असतानाच चेहरा भाजतो. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, हा सर्वमान्य नियम आहे. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, असं झालं की वर जायचं नाही. आणि वाढत गेलं तर रात्र असली तरी खाली उतरायचं. आपल्यातल्या पुष्कळजणींना डोकेदुखी गिळून कामाला लागायची सवय असते. उंचीवर ही सवय जिवावर बेतते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना शिबिराची उंची सांगून विचारा, कारण त्यातल्या काहींनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो. मनाच्या आजारावरची औषधं चार दिवसांसाठी आपल्या आपण बंद करू नका. दोन जागी वाटून ठेवा, एक सॅकमध्ये, एक शिबिराच्या प्रमुखाकडे.

कपड्यांबद्दल फार लिहीत नाही. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो, म्हणून अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर उबेसाठी एक थर, वर वारा-पाऊस अडवणारा एक. मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी, ती काही झालं तरी दिवसा घालायची नाही. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून सगळं तिच्यात भरा. बाहेरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं. हेडटॉर्चला जादा बॅटरी. शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात हवी, आणि तिचा इशारा पाठ हवा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. शौचाला जायचं ते पाण्यापासून निदान 60 मीटर लांब, वीतभर खड्डा करून. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, सामान घ्याच. प्रवास आणि दगदगीने ती मागेपुढे होते. वापरलेलं सगळं घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत परत आणायचं, तेव्हा आतलं न दिसणारी एक पिशवी वेगळी ठेवा.

दोराची मात्र मनाने तयारी करून या. खडकावर चढताना खालून दुसरी बाई आपला दोर धरते, त्याला बिले देणं म्हणतात. चढण्याआधी दोघींनी एकमेकींची गाठ आणि बकल हात लावून तपासायचं असतं. अर्ध्यावर पोचल्यावर हात सुटतील असं वाटलं तर ‘धर’ म्हणून ओरडायचं आणि दोरावर बसायचं. माझ्या तोंडून हा शब्द निघेना. बोटं थरथरत होती, पायाखालची कड निसटत होती, तरी मी खडकाला चिकटून राहिले. खालून तिने आपणच दोर ताणला आणि म्हणाली, “बस गं, धरलंय मी.” बसले. दोराने पेललं. वर कपारीत पाणी पाझरत होतं, त्याच्याकडे बघत मी बराच वेळ तशीच लटकून राहिले आणि रडले. काय झालं असं कुणी विचारलं नाही याचे मी आजही उपकार मानते.

असं रडू येणार हे धरून चला. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा दुःखाला संदिग्ध वियोग असं नाव दिलं: माणूस समोर नाही, पण गेलेलाही नाही, त्यामुळे ना शोक करता येतो ना निश्चिंत होता येतं. बेपत्ता होणं फार मोठं, त्याच्याशी आपली तुलना नाही. पण घरात रोज त्याचं ताट डोळ्यांसमोर येतं आणि माणूस नसतो, याची सावली आपण सगळ्याच ओळखतो. सॅकमध्ये एक लहान वही आणि पेन्सिल ठेवा. थंडीत पेनाची शाई बसते, पेन्सिल चालते.

घरासाठी एक कागद करा आणि तो दारामागे चिकटवा. मुलांना कोण आणणार, कुणाला कुठलं औषध किती वाजता, डॉक्टरांचा नंबर, मुख्य नळ आणि विजेचं बटण कुठे, शाळेला काय सांगितलंय. मुलांच्या उपचाराला संमती देणारं सहीचं पत्र मागे राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या. मुलांना दिवस मोजायला काहीतरी द्या, पण बाबांसाठी मोजतात त्याच कॅलेंडरवर आईचे दिवस लिहू नका. माझ्या धाकटीने दोन्ही आकडे एकत्र धरले आणि मला चार दिवसांच्या जागी चार महिन्यांसाठी निरोप दिला. वेगळा कागद, वेगळा रंग.

शिबिरात बोलताना मनातलं मोकळेपणाने बोला, पण जागा, युनिटच्या हालचाली आणि परतीची तारीख बोलू नका, सगळ्याजणी आपल्यातल्या असल्या तरी. फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवायची सोय निघण्याआधीच बंद करा. दुसरीचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका, आणि हा नियम पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. कामावर रुजू व्हायचं ते परवा. शेवटच्या मुक्कामावरून खाली आल्यावर फोन लावायचा तो आधी साखळीतल्या त्या एका माणसाला, ‘आले’ म्हणून, आणि मग मुलांना. एकदम सगळे मेसेज उघडू नका. आधी आंघोळ, मग जेवण. तंबू आणि स्लीपिंग बॅग त्याच दिवशी उलट्या करून वाळत घाला, ओल राहिली तर आठवड्यात बुरशी धरते. बुटांत कागदाचे बोळे घाला. आणि युनिटला कळवलेला नंबर बदलून पुन्हा तुमचा करा, हे यादीत अगदी शेवटी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हमखास राहून जातं ते.